निवृत्तीचे वीस लाख कुठे ठेवायचे: पतसंस्था, सहकारी बँक, मोठी बँक की पोस्ट?

निवृत्तीच्या महिन्यात ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, शिल्लक रजेचे पैसे असं सगळं एकदम खात्यावर येतं आणि त्याच आठवड्यात घरी माणसांची ये-जा सुरू होते. पतसंस्थेचा पिग्मी एजंट येऊन बसतो. सहकारी बँकेच्या संचालकांपैकी कोणीतरी ओळखीचा निघतो, तो फोन करतो. मोठ्या बँकेतून "सर, एकदा शाखेत येऊन जा" असा निरोप येतो. पोस्टातून मात्र कोणीच येत नाही, तिथे आपणच जायचं असतं.

ज्यांच्याकडे एवढीच पुंजी आहे, पेन्शन नाही किंवा तुटपुंजी आहे आणि याच रकमेच्या व्याजावर घर चालवायचं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. सोयीसाठी रक्कम २० लाख धरू. शेअर आणि म्युच्युअल फंड यात घेतलेले नाहीत. घरखर्चाची रक्कम आधी नीट लावायची, त्यातून उरलं तर तो विषय.

ठेव ठेवताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो "व्याज किती?" माझ्या मते पहिला प्रश्न दुसराच हवा: ही संस्था उद्या बंद पडली तर माझे पैसे कोण देणार, किती देणार आणि कधी देणार? या एका प्रश्नावर चारही पर्याय स्पष्ट वेगळे होतात.

पावतीवर वरती काय लिहिलंय?

जुन्या ठेवपावत्या घरात असतील तर काढा आणि मथळा वाचा. "सहकारी बँक मर्यादित" असं असेल तर ती बँक आहे, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडे असतो. "नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित" किंवा "मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी" असं असेल तर ती बँक नाही. काउंटर, पासबुक, सोनेतारण, लॉकर सगळं बँकेसारखं दिसतं, गावात लोक तिला बँकच म्हणतात, पण कायदा वेगळा आहे. राज्यातली पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि सहकार खात्याच्या निबंधकाच्या देखरेखीखाली चालते. मल्टिस्टेट संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येते, तिचा निबंधक दिल्लीत बसतो. रिझर्व्ह बँकेचा यांपैकी कोणावरच परवानाधारक बँकेसारखा अंकुश नाही.

याचा थेट परिणाम विम्यावर होतो. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचं विमासंरक्षण असतं. १९९३ पासून ते १ लाख होतं, फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झालं. सरकारी, खासगी, लघु वित्त, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी अशा सगळ्या बँका यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या येत नाहीत.

पतसंस्था

पतसंस्थेचं आकर्षण समजण्यासारखं आहे. व्याज जास्त मिळतं, माणसं ओळखीची असतात, संध्याकाळी उशिरापर्यंत शाखा उघडी असते, म्हाताऱ्या माणसाला पैसे घरपोच मिळतात. शिवाय "दामदुप्पट" हा शब्द कानाला गोड लागतो. पण त्याचा हिशोब मांडून बघा. सहा वर्षांत दामदुप्पट म्हणजे वर्षाला सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास चक्रवाढ व्याज. ७.५ टक्के दराने सरकारी किसान विकास पत्राला दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त लागतात. तुम्हाला सव्वाबारा टक्के द्यायचे तर संस्थेला ते पैसे पंधरा-सोळा टक्क्यांनी कर्जाऊ द्यावे लागतात. त्या दराने कर्ज घ्यायला कोण येतं? बऱ्याचदा तोच, ज्याला बँकेने दारातून परत पाठवलेलं असतं.

आता २० लाखांवर बघू. समजा पतसंस्था १० टक्के देते, म्हणजे वर्षाला २ लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी १ लाख ६४ हजार मिळतात. फरक वर्षाला ३६ हजार, महिन्याला ३ हजार. या ३ हजारांसाठी पूर्ण २० लाख विम्याशिवाय ठेवायचे का, एवढाच निर्णय आहे. मला तो सौदा अजिबात पटत नाही.

जळगावच्या बीएचआर मल्टिस्टेटमध्ये आणि अलीकडे बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवीदारांचे पैसे कसे अडकले ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. अशा वेळी ठेवीदारांच्या हाती उरतो तो एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा. त्याखाली मालमत्ता जप्त होते, लिलाव होतात, न्यायालयामार्फत वाटप होतं. यात वर्षं जातात आणि सत्तरीच्या माणसाकडे तेवढी वर्षं नसतात.

एक अपवाद मी आवर्जून वेगळा ठेवतो: पगारदार नोकरांची पतसंस्था. शिक्षकांची किंवा एसटी कामगारांची संस्था सभासदांनाच कर्ज देते आणि हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे कर्ज थकण्याचा धोका बराच कमी असतो. तिथेही विमा नाहीच, पण गावातल्या व्यापाऱ्यांना आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या संस्थेशी तिची बरोबरी करू नये.

"आमचा ऑडिट वर्ग अ आहे" असं सांगितलं जातं. वर्ग मिळतो तो मागच्या वर्षाच्या हिशोबावर, आणि तोही संस्थेने जे कागद दाखवले त्यांवर. संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलं आहे, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा. उत्तर कसं येतं त्यावरून खूप कळतं.

सहकारी बँक

इथे सरसकट बोलणं अन्याय होईल. कॉसमॉस १९०६ पासून आहे, सारस्वत १९१८ पासून. छोट्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, नवी वर्कशॉप टाकणाऱ्या तरुणाला मोठ्या बँकांनी विचारलं नाही तेव्हा याच बँका उभ्या राहिल्या. माझा आक्षेप सहकाराला नाही. आक्षेप आहे तो आयुष्याची सगळी पुंजी एकाच सहकारी बँकेत ठेवण्याला.

पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध (म्हणजे पैसे काढण्यावर मर्यादा) आले आणि परवाना रद्द होऊन विषय संपायला सप्टेंबर २०२२ उजाडला. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी लघु वित्त बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतचे पैसे मिळाले, त्यावरच्या रकमा टप्प्याटप्प्याने आणि सगळ्यात मोठ्या ठेवींचा उरलेला भाग तर १० वर्षांनी, अशी योजना ठरली.

पीएमसीचं प्रकरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. "ताळेबंद बघून बँक निवडा" असा सल्ला सर्रास दिला जातो. पीएमसीचा ताळेबंद बघितला असता तर बँक ठीकच वाटली असती. प्रत्यक्षात ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होतं आणि ते हजारो बनावट खात्यांमागे दडवलेलं होतं. लेखापरीक्षणात जे उघड झालं नाही ते ठेवीदाराला कुठून दिसणार? निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं, ३ टक्क्यांच्या वर असेल तर त्या बँकेत जाऊ नका हे खरं, पण आकडा कमी आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका.

परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हेही सांगायला हवं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. रुपीच्या ठेवीदारांना वर्षानुवर्षं जी वाट बघावी लागली ती आता ५ लाखांच्या आतल्या माणसाला बघावी लागू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटींचा अपहार उघड झाला, निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत मार्ग निघाला, तोही एका सहकारी बँकेच्याच मदतीने.

तेव्हा सहकारी बँकेत ठेव ठेवायची तर विम्याच्या मर्यादेत ठेवा. इथे दोन बारकावे आहेत. पहिला: ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरलं जातं, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमच्या नावाची रक्कम एकत्र मोजली जाते. कोथरूडच्या शाखेत ३ आणि सदाशिव पेठेत ४ लाख असतील तर विमा ५ लाखांचाच. म्हणून मुद्दल साडेचार लाखांच्या आत ठेवावं, विशेषतः व्याज मुदतीअखेर घेणार असाल तर. दुसरा: पतीच्या एकट्याच्या नावावर, पत्नीच्या एकटीच्या नावावर आणि दोघांच्या संयुक्त नावावर अशा ठेवी स्वतंत्र मोजल्या जातात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तर तीही वेगळी धरली जाते.

मोठी बँक

स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, एचडीएफसी, आयसीआयसीआय यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विमा इथेही ५ लाखांचाच आहे. फरक पडतो तो संकटाच्या वेळी. येस बँकेवर मार्च २०२० मध्ये निर्बंध आले, ते १३ दिवसांत उठले. लक्ष्मी विलास बँक २०२० च्या नोव्हेंबरात १० दिवसांत डीबीएस बँकेत विलीन झाली. दोन्हीकडच्या ठेवीदारांचा पैसा गेला नाही. मोठी व्यापारी बँक कोसळू दिली तर सगळ्या व्यवस्थेला हादरा बसतो, म्हणून सरकार आणि रिझर्व्ह बँक धावून येतात. छोट्या सहकारी बँकेसाठी कोणी तितक्या घाईने धावत नाही.

उणीव आहे ती व्याजाची. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला आणि एफडीचे दर त्याबरोबर उतरले. ज्येष्ठांना साधारण अर्धा टक्का जास्त मिळतो तो धरूनही सरकारी योजनेशी बरोबरी होत नाही. पण रात्री अकरा वाजता हॉस्पिटलने अनामत मागितली तर मोबाइलवरून मोडता येणारी ठेव इथेच असते. त्यासाठी या बँकेत काही रक्कम हवीच. आणि शाखेत एफडी करायला गेल्यावर समोर विमा पॉलिसीचा अर्ज सरकवला गेला तर सही करू नका. "दरवर्षी भरायचं का?" हा एकच प्रश्न विचारा, एफडीत दरवर्षी काही भरायचं नसतं.

पोस्ट, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठ नागरिक बचत योजना

माझा कौल इथे आहे. रकमेची हमी थेट केंद्र सरकारची, ५ लाखांची मर्यादा नाही. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, त्यामुळे जाण्याआधी चालू तिमाहीचा दर बघा, पण तुम्ही ज्या दिवशी खातं उघडाल त्या दिवशीचा दर तुम्हाला पूर्ण ५ वर्षं मिळतो. वय ६० पूर्ण हवं. ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून ३ महिन्यांत खातं उघडता येतं, ही मुदत चुकवू नका.

व्याज दर तिमाहीला मिळतं. १५ लाखांवर ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० पडले. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना लोकांना आवडते कारण पैसे दरमहा येतात, पण तिथे ७.४ टक्क्यांनी संयुक्त खात्यातल्या १५ लाखांवर महिन्याला ९,२५० मिळतात. फक्त दरमहा मिळावं म्हणून महिन्याला हजार रुपये कशाला सोडायचे? तिमाहीचं व्याज बचत खात्यात घ्या आणि तिथून महिन्याला काढा.

त्रास आहेत. एका खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मोडायचं तर पूर्ण खातं मोडावं लागतं. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज कापून घेतात, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. म्हणून १५ लाखांचं एक खातं उघडण्याऐवजी ५-५ लाखांची तीन उघडा. पोस्टातली रांग आणि "सर्व्हर डाऊन" सोसवत नसेल तर हीच योजना सरकारी आणि काही खासगी बँकांतही उघडता येते, हे काउंटरवर फारसं कोणी आपणहून सांगत नाही.

कराच्या बाबतीत चौघांत फार फरक नाही, व्याज सगळीकडेच करपात्र आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही, त्यामुळे या वाचकांपैकी बहुतेकांना चिंता नको.

वीस लाखांची वाटणी

मी असं करेन: १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, ५ लाखांच्या तीन खात्यांत. ४ लाख मोठ्या बँकेत, एक-एक लाखाच्या चार एफडी, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. १ लाख बचत खात्यात. गावातल्या सहकारी बँकेशी जिव्हाळा असेल तर ते ४ लाख तिथे ठेवायलाही हरकत नाही, विमा पुरतो. मात्र अडीअडचणीला लागणारा बचत खात्यातला लाख मोठ्या बँकेतच राहू द्या.

आणि ज्यांचे पैसे आजच पतसंस्थेत आहेत त्यांनी काय करावं? संस्था पैसे वेळेवर देत असेल तर मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी रक्कम थेट बँक खात्यात मागा. एजंट म्हणेल, "काकू, पाव टक्का वाढवून देतो, पावती तशीच पुढे चालू ठेवू." नको म्हणून सांगा. मुदत संपूनही पैसे द्यायला "पुढच्या सोमवारी या" असं दुसऱ्यांदा ऐकू आलं, तर व्याजावर पाणी सोडून बाकीच्या ठेवीही मुदतीआधी मोडण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, त्याची पोच शिक्क्यासह घ्या आणि एक प्रत तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात द्या. संस्था मल्टिस्टेट असेल तर तक्रार केंद्रीय निबंधकाकडे करा.