कोकणात गाडी अडली तर: तिठ्यावरचं गॅरेज की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गावर दुचाकी अडली की दोन धास्त्या एकदम येतात. तिठ्यावरच्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथल्या, गॅरेजात बाहेरगावची नंबर प्लेट बघून अव्वाच्या सव्वा लावतील का, ही एक. आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर चिपळूणला, रत्नागिरीला नाहीतर कुडाळला. तिथवर गाडी न्यायची कशी, ही दुसरी.

माझं मत आधीच सांगतो. पंक्चर, क्लच केबल, चेन, ब्रेक शू, प्लग अशी डोळ्यांना दिसणारी कामं तिठ्यावरच करा. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा पेटलाय, एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, तक्रार आहे किंवा कुणी इंजिन खोलायचं म्हणतंय, तर गाडी उचलून न्यावी लागली तरी सर्व्हिस सेंटर गाठा. निकष एकच: बिघाड काय आहे हे तुम्हाला स्वतःला बघता येतं का? जिथे बघता येतं तिथे फसवणं अवघड जातं.

गॅरेजवाल्याचा भाव शहरापेक्षा चढा असतो, आणि बऱ्याचदा तो रास्तच असतो. 'केबल हंय गावाची नाय, कणकवलीसून आणूची लागतली' (इथे मिळायची नाही, कणकवलीहून आणावी लागेल) असं मेस्त्री म्हणतो तेव्हा त्याला खरंच कुणाला तरी पाठवावं लागतं किंवा एसटीच्या पार्सलची वाट बघावी लागते. त्याचा अर्धा दिवस त्यात जातो. त्याचे पैसे मागितले तर कुरकुर न करता द्यावेत. मात्र हिशोब सुटा मागायचा: सामान किती, आणणावळ किती, मजुरी किती. पाकिटबंद सुट्या भागावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि त्या भागासाठी त्यावर एक रुपयाही घेता येत नाही. आणणावळ आणि मजुरी मात्र ठरवून घ्यायची गोष्ट आहे. म्हणून 'दादा, पाकीट दाखवा आणि मजुरी आधीच सांगा' हे वाक्य स्पॅनर लागायच्या आत बोललं पाहिजे. गाडी खोलून ठेवल्यावर बोलून काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक पंक्चरमध्ये होते, म्हणून तिथे नीट लक्ष द्या. ट्यूबलेस टायरचा दर प्रत्येक पंक्चरमागे असतो. एक खिळा निघतो, मग तुम्ही चहाला वळता, आणि परत येईपर्यंत 'चार निघाली' झालेलं असतं. टोच्याने नवं भोक पाडायला क्षणभरही लागत नाही. त्यामुळे गाडीपासून हलू नका. आधी हवा भरायला सांगा, अख्ख्या टायरवर साबणाचं पाणी फिरवायला लावा, जिथे बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करून घ्या, आणि खुणा मोजल्यावरच काम सुरू होऊ द्या. ट्यूबच्या टायरचं मात्र वेगळं. हवा गेलेल्या चाकावर गाडी बरंच अंतर दामटली असेल तर व्हॉल्व्हपाशी ट्यूब खरंच फाटते आणि तिथे ठिगळ टिकत नाही. अशा वेळी नवी ट्यूब सांगणारा मेस्त्री खोटं बोलत नसतो. जुनी ट्यूब हातात घेऊन बघा, फाटलेली जागा लगेच दिसते.

आता पिवळ्या दिव्याकडे येऊ. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा, बसलं. त्यातला दोष नेमका शोधायला गाडीला जोडून तो वाचणारा स्कॅनर लागतो, आणि लहान तिठ्यावर तो क्वचितच असतो. स्कॅनर नसताना केलेलं निदान म्हणजे अंदाज, आणि त्या अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून जातात. माझ्या मित्राची गाडी ऐन पावसात गिअर टाकला की बंद पडायला लागली. एका गॅरेजात त्याला 'ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला' म्हणून काही हजारांचा आकडा सांगितला. प्रत्यक्षात साइड स्टँडच्या स्विचमध्ये तांबडा चिखल गच्च बसला होता. स्टँड वर घेतलेलं गाडीला कळतच नव्हतं. पाण्याने धुतल्यावर गाडी सुरू झाली. मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी हा स्विच, इंजिन बंद करायचा हँडलवरचा किल स्विच, बॅटरीचे टर्मिनल आणि फ्यूज एवढं तरी स्वतः बघा.

सर्व्हिस सेंटरला जाताय तर तिथे सगळं सरळ असेल असं धरून चालू नका. तिथे पक्कं बिल मिळतं, अस्सल सामान मिळतं, जॉब कार्डावर, म्हणजे कामं नोंदवायच्या कागदावर, अंदाजे खर्च लिहून मिळतो. पण तुम्ही सांगितलं क्लचचं आणि बिलात तेलात घालायचं औषध, इंजिनची सफाई, चेनला पॉलिश अशी न मागितलेली कामं चिकटलेली असतात. जॉब कार्डावर 'विचारल्याशिवाय जादा काम करू नये' असं लिहून मगच सही करा. शिवाय रांग असते, साप्ताहिक सुट्टी असते, एखादा भाग मागवायचा म्हणून दोन रात्री लॉजमध्ये काढाव्या लागतात. निघण्याआधी फोन करून भाग शिल्लक आहे का ते विचारा. गाडी न्यायला विम्यातलं रोडसाइड असिस्टन्स असेल तर उत्तम, पण घाटात रेंज गेली तर गावातला छोटा टेम्पोच कामी येतो. त्याचं भाडंही आधी ठरवा. काम फारच मोठं निघालं तर टाकीतलं पेट्रोल काढून गाडी रेल्वेने पार्सल करता येते. तोही पर्याय मनात असू द्या.

आणि एवढं करूनही बिल अन्यायाचं आलं तर? भांडायचं की देऊन निघायचं? रक्कम शे-दोनशेची असेल, अंधार पडत असेल आणि दाभोळची फेरी गाठायची असेल, तर मी देऊन निघेन. हजारांत असेल तर आवाज न चढवता आकडे कागदावर लिहून मागेन, जुना भाग परत घेईन आणि पैसे यूपीआयने देईन, म्हणजे नोंद राहते. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर घरी पोचल्यावरही तक्रार करता येते. प्रवाशाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची तरतूद पुढची: जिल्हा ग्राहक आयोगाकडची तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सावंतवाडीतल्या बिलासाठी पुणेकराला तारखांना सावंतवाडीला जावं लागत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं असेल तर वजनं-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडेही जाता येतं. त्यासाठी त्या पाकिटाचा फोटो हवा, म्हणून पाकीट फेकू देऊ नका.

कोकणात निघताना एवढं सामान मात्र न्याच: क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची एकेक केबल, प्लग, पंक्चर किट, आणि चाकं स्पोकची असतील तर ट्यूब. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून ओढून टेपने बांधून ठेवली, तर तुटल्यावर फक्त दोन्ही टोकं अडकवायची राहतात.