वाहन तंत्रज्ञान की वाहतूक व्यवस्थापन: शाखा निवडण्यापूर्वी

पहिल्या वर्षाचे समाईक विषय संपवून ज्यांना आता या दोहोंपैकी एक बाजू धरायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कोणत्या सत्रात कोणता विषय असतो, हे विभागाच्या माहितीपत्रकात मिळतेच. ते येथे पुन्हा देत नाही. मी स्वतः वाहन तंत्रज्ञान घेतले आणि वाहतूक नियोजन व ताफा व्यवस्थापन हे विषय ऐच्छिक म्हणून पुरे केले. त्यामुळे एका घरात राहिलो आहे आणि दुसऱ्यात पाहुणा म्हणून गेलो आहे, हे लक्षात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

व्यवस्थापनाची बाजू गणिताला हलकी असते, हा समज आधी सोडून द्यावा. तंत्रज्ञानात बले, कंपने आणि उष्णता यांची समीकरणे सोडवावी लागतात. व्यवस्थापनात संभाव्यता, रांगांचा सिद्धांत आणि इष्टतमीकरण (अनेक पर्यायांतून सर्वांत चांगला शोधणे) येते, आणि या दुसऱ्या गणिताला माझ्या मते अधिक चिकाटी लागते. एका वाहनाने १५ ठिकाणी माल पोचवायचा म्हटले, तरी त्या ठिकाणांचे क्रम १ लाख ३० हजार कोटींहून अधिक होतात. सगळे हाताने तपासणे शक्य नसल्यामुळे युक्ती काढावी लागते. डॅन्टझिग आणि रॅम्सर या संशोधकांनी १९५९ मध्ये इंधन वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या निमित्ताने हा प्रश्न मांडला आणि १९६४ मध्ये क्लार्क व राइट यांनी दोन फेऱ्या जोडल्याने किती अंतर वाचते, यावर आधारलेली पद्धत दिली. ती पद्धत वर्गात कागदावर करून पाहताना जो आनंद होतो, तो मी मनापासून मान्य करतो. ब्रेस या गणितज्ञाचा १९६८ मधील विरोधाभासही असाच आहे: जाळ्यात एक नवा रस्ता जोडला आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीची वाट धरली, की सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात इतक्या थोड्या आकडेमोडीत इतके चकित करणारे फारसे काही भेटत नाही.

असे असूनही मी त्या बाजूला गेलो नाही, याचे कारण एकच आणि तसे पाहिले तर किरकोळ आहे. व्यवस्थापनाच्या विषयांत माझे उत्तर चूक आहे की बरोबर, हे मला कधी कळलेच नाही.

मालवाहतुकीचा डेपो कोठे असावा, या विषयावर आम्हाला गटांत अभ्यास करायचा होता. मागणीचे आकडे सर्वांना सारखेच दिले होते, परंतु वाढीचा दर, वाहनाचा सरासरी वेग आणि परतीच्या रिकाम्या फेऱ्यांचे प्रमाण प्रत्येक गटाने आपापले गृहीत धरायचे होते. प्रत्येक गटाचा डेपो वेगळ्या जागी आला, प्रत्येक अहवाल नीटनेटका होता आणि गृहीतके स्पष्टपणे मांडली आहेत, या कारणाने सर्वांनाच चांगले गुण मिळाले. अध्यापकांचे त्यात काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण डेपो बांधून पाहण्याची सोय कोणत्याच वर्गात नसते. पण त्यानंतर प्रत्येक प्रकरणात मला हेच दिसू लागले. रस्त्यावर गर्दी वाढली की प्रवासाला किती वेळ लागेल, हे सांगणारे एक सूत्र अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ०.१५ हा गुणांक आणि ४ हा घातांक आहे. म्हणजे रस्ता क्षमतेइतका भरला की मोकळ्या रस्त्यापेक्षा १५ टक्के अधिक वेळ लागतो असे मानायचे. हे दोन आकडे खरे तर आपल्या रस्त्यावर मोजणी करून ठरवायचे असतात, असे पुस्तकातच लिहिलेले असते. तरी आम्ही ते जसेच्या तसे उचलत होतो. प्रवासी बस निवडेल की मोटार, हे सांगणाऱ्या लॉजिट प्रतिमानातील गुणांकही दुसऱ्याच्या सर्वेक्षणातून घेतलेले असत. या प्रतिमानांमागचे काम भक्कम आहे, त्यातील योगदानाबद्दल मॅकफॅडन यांना २००० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आहे, आणि माझी तक्रार त्या कामाविषयी नाही. उसन्या आकड्यांवर मांडलेले उत्तर घेऊन सत्र संपते आणि कोणीही येऊन ते खोडून काढत नाही, एवढेच मला सलत राहिले.

याउलट प्रयोगशाळेत वाहन आपल्याला लगेच खोडून काढते. उदाहरणादाखल कोस्ट-डाउन चाचणी घ्या. सपाट रस्त्यावर वाहन ठरावीक वेगापर्यंत न्यायचे, गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा आणि वेग कसा उतरतो ते नोंदवत राहायचे. टायरचा लोटणरोध, म्हणजे चाक रस्त्यावर लोटताना होणारा विरोध, वेगानुसार फारसा बदलत नाही, हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे वेग उतरण्याच्या एकाच आलेखातून दोन्ही वेगळे काढता येतात. वारा आणि रस्त्याचा अल्पसा उतार यांचा परिणाम बऱ्याच अंशी जावा म्हणून तीच धाव उलट दिशेनेही घ्यावी लागते. आमचा लोटणरोध टायरच्या माहितीवरून काढलेल्या अंदाजापेक्षा बराच जास्त आला. आकडेमोड पुन्हा केली, टायरमधील हवा तपासली, आणि शेवटी चाके उचलून हाताने फिरवून पाहिली तेव्हा एका चाकाचा ब्रेक पॅड डिस्कला सतत घासत असल्याचे आढळले. तो सैल केल्यावर आकडा अपेक्षेच्या जवळ आला. अंदाज, मोजमाप, तफावत आणि तिचे कारण, हे सर्व एका दुपारी हाताशी आले. कदाचित हा माझ्या स्वभावाचा भाग असेल, परंतु शिकल्याची खात्री मला अशानेच वाटते.

तंत्रज्ञानाच्या बाजूलाही त्रास आहे, तो लपवू नये. इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या डायनॅमोमीटरसाठी ताटकळावे लागते, अहवाल लिहिण्यात संध्याकाळी जातात आणि मोटारीचा जो भाग सर्वांत रंजक, तोच अनेकदा बंद असतो. बॉशने १९८६ मध्ये कॅन ही संदेशवाहिनी मांडल्यानंतर वाहनातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक एकमेकांशी बोलू लागले खरे, पण त्यांच्या आतील प्रणाली उत्पादक सहसा उघडी ठेवत नाहीत. दोषसंकेत वाचता येतो, त्यामागचा निर्णय पाहता येत नाही. शिवाय इंजिनाच्या ज्वलनावर घालवलेला काळ, विद्युत वाहने वाढत असताना, वाया जाईल की काय अशी शंका येते. ती मला फारशी पटत नाही, कारण ब्रेक, टायर, सस्पेन्शन आणि उष्णतेचे व्यवस्थापन हे विषय बॅटरीच्या वाहनालाही तितकेच लागतात. नोकरीच्या दृष्टीने मात्र व्यवस्थापनाचा एक फायदा निश्चित आहे: तेथे नवशिक्यालाही संपूर्ण ताफ्याचे चित्र लवकर दिसते. तंत्रज्ञानातील पदवीधराला मोठ्या उद्योगात प्रारंभीची काही वर्षे एखाद्याच सुट्या भागावर काढावी लागू शकतात. माणसांशी बोलून, वेळापत्रकाची ओढाताण सांभाळून प्रश्न सोडवण्यात ज्यांना रस आहे, त्यांना माझी वर सांगितलेली कुरकुर कदाचित बालिशही वाटेल.

दोन शाखांच्या सीमेवरचे प्रश्न पाहिले म्हणजे माझा कल थोडा अधिक स्पष्ट होईल. विद्युत बसचे वेळापत्रक आखायचे तर बॅटरी किती वेगाने भरता येते, चढावर किती ऊर्जा जाते आणि थंडीत किती अंतर कमी होते, हे ठाऊक असावे लागते. नाहीतर कागदावर जुळलेल्या फेऱ्या प्रत्यक्षात जुळत नाहीत. ट्रकवर जादा माल घालणे परवडते का, हा हिशेबाचा प्रश्न दिसतो. परंतु १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेत झालेल्या रस्ताचाचण्यांतून निघालेल्या स्थूल नियमानुसार रस्त्याचे नुकसान आसभाराच्या, म्हणजे चाकांच्या एका आसावर येणाऱ्या वजनाच्या, चौथ्या घातानुसार वाढते; भार दुप्पट झाला की नुकसान सुमारे १६ पट. ज्याला आसांवर भार कसा विभागला जातो हे कळते, तो या हिशेबात लवकर शिरतो. मार्गनिश्चितीच्या पद्धती पुढे पुस्तकातून आणि संगणकावर बऱ्याच अंशी शिकता येतात, तर प्रयोगशाळा नंतर सहसा मिळत नाही. म्हणून तंत्रज्ञानाकडून व्यवस्थापनाकडे जाणे उलट वाटेपेक्षा सोपे असावे, असे मला वाटते. अपवाद अर्थातच असतील.

निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही विभागांतील शेवटच्या वर्षाचे जुने प्रकल्प मागून घ्यावेत आणि त्यांचे फक्त शेवटचे प्रकरण वाचावे. निष्कर्ष पुढे कोणी प्रत्यक्षात तपासला का, एवढेच तेथे पाहायचे. वाहतूक विभाग विद्यार्थ्यांना चौकात उभे करून वाहने मोजायला लावत असेल, सूत्रातील गुणांक त्यांच्याकडूनच ठरवून घेत असेल आणि बदललेले वेळापत्रक खरोखर पाळले गेले का, हे पाहायला त्यांना पुन्हा पाठवत असेल, तर माझ्या तक्रारीचा बराच भाग गळून पडतो आणि व्यवस्थापन घ्यायला हरकत नाही. जेथे असे काही दिसत नाही, तेथे तंत्रज्ञान घेऊन वाहतुकीचे विषय ऐच्छिक म्हणून निवडावेत, असे सुचवतो.