५+५ मि.मी. वेटसूट, दोन हंगामांनंतर: आल्प्सच्या गार घळींत कुठे टिकला, कुठे फाटला

हा कॅन्योनिंगचा वेटसूट, म्हणजे घळीतून दोराने, पोहत, उड्या मारत उतरताना घालायचा रबरी पोशाख. सूट दोन तुकड्यांचा आहे. आत खांद्यावर पट्टे असलेला, बिनबाह्यांचा, घोट्यापर्यंतचा बिब. वर टोपीसकट जाकीट. दोन्ही ५ मि.मी., म्हणजे छाती-पोटावर १० आणि हातांवर-पायांवर ५. कोरडा २.९ किलो, ओला पाचच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या बहुतेक तक्रारी या प्रकारच्या कुठल्याही सूटला लागू आहेत.

वापर दोन उन्हाळ्यांचा, साधारण ४० उतराया. निम्म्या स्वित्झर्लंडच्या टिचिनोत, ब्यास्का ते बेलिन्झोनाच्या दरम्यान क्रेशानो, ओसोन्या, इरान्या, लोद्रिनो या गावांच्या डोक्यावरच्या घळींत. बाकीच्या ग्रिमझेल खिंडीच्या बाजूला, हांडेगच्या आसपास, जिथे उंची १,४०० मीटर आणि पाणी वरच्या हिमनद्यांचं. टिचिनोत ऑगस्टमध्ये पाणी १२-१४ अंश मिळतं. हिमनदीच्या ओढ्यात ४ ते ६. आपल्याकडे पावसाळी धबधब्यावर रॅपलिंग (दोरावरून उतरणं) करणाऱ्यांचं ड्रायफिट टी-शर्टवर भागतं, त्यामुळे हा फरक कागदावर वाचून कळत नाही.

थंडी खरी वाजते ती पोहताना नाही, खोळंबल्यावर. सहा जणांची टीम, एकच दोर, दर माणसाला चार मिनिटं: एका रॅपलला २४ मिनिटं लागतात आणि त्यातली २० प्रत्येक जण नुसता उभा असतो. आठ रॅपल झाले की दोन तास चाळीस मिनिटं तुषारांत आणि वाऱ्यात. घळ अरुंद, ऊन तळापर्यंत येत नाही. शिवाय बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर वाढतं, म्हणून उतरायचं सकाळी लवकर, म्हणजे आणखी गारठ्यात. ५+५ चा उपयोग इथे कळतो. ३ मि.मी.च्या एकसंध सूटमध्ये चौथ्या-पाचव्या रॅपलला बोटं काम सोडतात, या सूटमध्ये आठव्यापर्यंत शाबूत राहतात. बोटं शाबूत आहेत का, हे तपासायला अंगठा करंगळीला टेकवून बघायचा. टेकत नसेल तर त्या माणसाला दोर लावायचं काम देऊ नये, आणि त्याचा डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारं साधन) दुसऱ्याने तपासावा.

जाकिटाला बाहेरून कापडाचं अस्तर आहे. ते पाणी धरून ठेवतं आणि वाऱ्यात वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. गुळगुळीत रबरी पृष्ठभागाचं जाकीट याबाबतीत सरस, पण टिचिनोच्या नाइस नावाच्या कातळावर एकदा कोपर घासलं की त्याला चीर जाते. तोडगा साधा: सूटवर पातळ, ढगळ विंडचीटर. किंमत किरकोळ, फरक मोठा.

डायव्हिंगचा ५ मि.मी. सूट चालेल का, असं बरेच जण विचारतात. उबेला चालेल. उलट, पाण्याखाली १० मीटरवर रबरातले वायूचे बुडबुडे दबून जवळपास निम्मे होतात. घळीत तितकं खोल कोणी जात नाही, त्यामुळे जाडी पूर्ण मिळते. तो हरतो ते गुडघे, कोपर आणि बुडावर, कारण तिथे घासणं सोसेल इतका जाड थर सहसा नसतो. आमच्या सूटचा बुडाचा थरही १५व्या फेरीपर्यंत पांढरा पडला होता. कातळावरून घसरत डोहात जाण्याचा हा परिणाम. हार्नेसला (दोर अडकवायच्या कमरपट्ट्याला) मागे बूड झाकणारं, बदलता येणारं जाड पीव्हीसीचं आवरण असेल तर सूट वाचतो; साध्या क्लाइंबिंग हार्नेसवर हा सूट वापरूच नये.

१० मि.मी. रबर छातीवर असल्याने माणूस बुचासारखा तरंगतो. शांत डोहात बरं वाटतं. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात मात्र या तरंगण्यावर विसंबू नका, कारण तिथे पाण्यात हवाच इतकी असते की ते पुरेसं उचलत नाही. आणि भोवऱ्यातून बुडी मारून खालून निसटायचं असेल तर हेच तरंगणं आड येतं.

आता बिघाड. पहिली गेली ती काखेतली शिवण, मग जांघेतली. शिवण आतून चिकटवून वरवर टाका घातलेली आहे. टाका शाबूत राहतो, डिंक सुटतो. मुख्य कारण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ओला सूट कोंबून ठेवणं. गळती शोधायला बाही उलटी करून तळाशी मुठीत आवळायची, पाणी भरायचं आणि पिळायचं. जिथे थेंब फुटतो तिथे खूण. दुरुस्तीला निओप्रीनचा, म्हणजे सूटच्या रबराचा, डिंक. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, दोन्ही कडांना पातळ थर, दहा मिनिटं थांबा, दुसरा थर, बोटाला चिकचिक लागली पण डिंक बोटावर आला नाही की कडा दाबून जोडा. २४ तास हात लावायचा नाही. घाईने जाड थर एकदाच फासला की वरून साय धरते, आत ओलंच राहतं आणि पुढच्याच फेरीत उकलतं.

चेनची तक्रार ग्रिमझेलकडची. हिमनदीच्या पाण्यात दगडाचं करडं पीठ असतं, ओढा दुधाळ दिसतो तो त्यामुळेच. हे पीठ दात्यांत बसतं आणि वाळलं की सिमेंटसारखं धरतं. घरी येईपर्यंत थांबू नका. गाडीपाशीच बाटलीभर साध्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासा, वाळल्यावर मेणबत्ती फिरवा.

माप घेताना उभं राहून आरशात बघण्यात अर्थ नाही. उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा. कमरेच्या मागे पोकळी राहिली तर उडी मारल्यावर मानेतून शिरलेलं गार पाणी तिथेच साठतं आणि दर उडीला बदलतं. कोरडा असताना जरा आवळच हवा, भिजल्यावर सैलावतो. चढणीला मात्र सूट अंगात नको, सॅकमध्ये. तासभराची चढण सूटमध्ये केली तर घळीच्या तोंडाशी आधीच घामाने भिजलेले असाल.

मोजे ४ मि.मी., हातमोजे ३ मि.मी. आणि तळव्याला जाड कापड. त्याहून जाड हातमोज्यांत कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू फिरत नाही.

उबदार सूटने एक खोड लागते: लोक रेंगाळतात. घळीच्या दर्जात रोमन आकडा असतो तो बाहेर पडायच्या वाटेचा; IV म्हणजे पुरापासून सुरक्षित जागी पोहोचायला अर्धा ते एक तास. २७ जुलै १९९९ला इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटनबाखमध्ये वर वादळी पाऊस झाला आणि आलेल्या लोंढ्यात २१ जण गेले. अंगात ऊब आहे म्हणून दुपारचे ढग बघत डोहाकाठी बसू नये. वर धरण असेल तर उतरण्याआधी वीजकंपनीला फोन करून पाणी सोडणार आहेत का, हेही विचारायचं.

असे सूट साधारण ३०० ते ४०० युरोंना मिळतात. वर्षाला दहापेक्षा कमी फेऱ्या असतील, किंवा पुण्या-मुंबईहून एकाच सहलीला जायचं असेल, तर तिथेच भाड्याने घ्या. घेताना दुकानातच बिब उलटा करा, जांघेतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणा. फट उघडून पलीकडचा उजेड दिसला तर दुसरा मागा.