चार पोर्टांचे सिरियल कार्ड: कार्ड उत्तम, सीडीतला ड्रायव्हर नको

इंदूरच्या आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत तराजू, पीएच मीटर आणि आणखी दोन उपकरणे अजून सिरियल केबलवरच चालतात. त्यांच्यासाठी सिल्व्हर मॉलमधून चार पोर्टांचे, मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारे कार्ड आणले आणि सहा महिने लिनक्सवर वापरले.

हे कार्ड चारही पोर्टांसाठी मिळून एकच इंटरप्ट लाइन, म्हणजे ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असे प्रोसेसरला कळवणारी तार, मागते. पीसीआयच्या आधी, आयएसए स्लॉटच्या काळात, इंटरप्ट सांभाळणाऱ्या दोन 8259 चिप्स मिळून 15 लाइन हाती येत, त्यातली 4 क्रमांकाची पहिल्या कॉम (सिरियल) पोर्टला आणि 3 क्रमांकाची दुसऱ्याला जाई. तिथे इंटरप्ट म्हणजे क्षणभराचा संकेत असल्यामुळे दोघांनी एक लाइन वापरली तर एखादा संकेत हुकण्याची भीती असे. पीसीआयमध्ये मात्र उपकरणाची दखल घेतली जाईपर्यंत संकेत टिकून राहतो आणि म्हणूनच एका लाइनवर अनेक उपकरणे नांदू शकतात. आमच्याकडे 18 क्रमांकाच्या लाइनवर कार्डाच्या शेजारी यूएसबी कंट्रोलर होता.

कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, लाइन नोंदवताना प्रत्येक ड्रायव्हरने वाटणीला संमती द्यावी लागते, नाहीतर नंतर येणाऱ्याची नोंदणी फेटाळली जाते. कार्डासोबत आलेल्या सीडीतल्या ड्रायव्हरमध्ये ही संमतीच नव्हती. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ हा संदेश पाहत आम्ही दोन दिवस केबली बदलत बसलो, याचे मला आजही वाईट वाटते. तो ड्रायव्हर काढून टाकताच कर्नेलच्या स्वतःच्या 8250 या सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरने कार्ड ओळखले. इंटरप्ट आला की तो प्रत्येक पोर्ट तपासतो आणि काम आपले नसेल तर कर्नेलला तसे कळवतो. हे खरे सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण 1,00,000 इंटरप्टांपैकी 99,900 हून अधिक कोणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नेल ती लाइनच बंद करतो आणि शेजारच्या उपकरणालाही त्याचा फटका बसतो.

वेगाची तक्रार नाही. 9600 बॉड या सिरियल वेगाला सेकंदाला सुमारे 960 अक्षरे येतात आणि प्रत्येक पोर्टाच्या बफरमध्ये 16 अक्षरे मावतात, त्यामुळे शेजाऱ्याचे काम आटोपेपर्यंत थांबायला पुरेशी सवड मिळते.

नव्याने घेणाऱ्याने पीसीआय एक्सप्रेसचे, एमएसआय (लाइनऐवजी संदेशाने इंटरप्ट देण्याची सोय) असलेले कार्ड मागावे. त्याला स्वतःचा इंटरप्ट क्रमांक मिळतो आणि वाटणीचा प्रश्नच उरत नाही. पीसीआयच घ्यायचे असेल, तर स्लॉट बदलून पाहावा, कारण मदरबोर्डवर पीसीआयच्या चार इंटरप्ट लाइन प्रत्येक स्लॉटला फिरवून जोडलेल्या असतात. आमचे कार्ड एक स्लॉट खाली बसवल्यावर 18 चा 19 झाला आणि यूएसबीचा शेजार सुटला.