स्टेनलेस बोल्टचा संच: इंजिनाच्या कव्हरला उत्तम, ब्रेकला मात्र नको

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत मोटारसायकलच्या इंजिनावरील बोल्टचा मुलामा फार काळ टिकत नाही. डोकी तांबूस होतात, कडा झिजतात, पाना घसरू लागतो आणि शेवटी साधे क्लच कव्हर उघडण्यासाठीही फिटरला ड्रिल हाती घ्यावे लागते. म्हणून मी ३५० सीसीच्या गाडीसाठी स्टेनलेसच्या ॲलन बोल्टचा (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टचा) संच ऑनलाइन मागवला.

माल चांगला आहे. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ‘ए२-७०’ अशी स्टेनलेसची प्रत सांगणारी स्पष्ट खूण आहे, आटे स्वच्छ कापलेले आहेत आणि ॲलन की खाचेत घट्ट बसते. मात्र सगळ्या लांबीचे बोल्ट एकाच पिशवीत भरलेले आहेत, ही मोठी उणीव आहे. क्लच कव्हरचे बोल्ट कमी-अधिक लांबीचे असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला, तर तो तळाला टेकून घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण कव्हर दाबले जात नाही. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जुना बोल्ट ज्या जागचा त्याच जागी खोचावा आणि नवा त्याच्याशी मोजूनच लावावा.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की संचात ब्रेक कॅलिपरचेही (डिस्कला पकडून गाडी थांबवणाऱ्या भागाचेही) बोल्ट दिले आहेत. ए२-७० बोल्टची ताणशक्ती (तुटण्यापूर्वी सोसता येणारा ताण) ७०० मेगापास्कल असते आणि साधारण ४५० मेगापास्कलला तो कायमचा ताणला जाऊ लागतो. ८.८ प्रतीच्या पोलादी बोल्टसाठी हेच आकडे ८०० आणि ६४० आहेत, आणि १०.९ प्रत त्याहूनही वरची. स्टेनलेस चमकते म्हणून ते अधिक मजबूत असते, हा समज येथे जिवावर बेतू शकतो. कॅलिपर, डिस्क, चाकांचे ॲक्सल, हँडलचे क्लॅम्प आणि इंजिन माउंटिंग यांना कंपनीचेच बोल्ट असावेत.

कव्हरचे बोल्ट आवळतानाही घाई नको. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारा ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. त्यामुळे आट्यांना अँटी-सीझ पेस्टचा पातळ हात हवाच. बंद भोकात मात्र ती भरू नये, कारण अडकलेल्या पेस्टच्या दाबाने केसिंगला तडा जाऊ शकतो. पेस्टमुळे घर्षण घटते, म्हणून तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या तेवढ्याच जोराला, बोल्ट अधिक ताणला जातो. मॅन्युअलमध्ये ६ मिलीमीटर बोल्टसाठी कोरड्या आट्यांना १० न्यूटन मीटर सांगितले असेल, तर मी ७ ते ८ वरच थांबतो. त्यासाठी कमी क्षमतेचा, साधारण ५ ते २५ न्यूटन मीटरचा टॉर्क पाना लागतो. चाकाच्या नटांसाठीचा मोठा पाना इतक्या खाली भरवशाचा नसतो. सर्व बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवावेत आणि मग समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, इंजिन थंड असतानाच आवळावेत.

कव्हरपुरता हा संच घेण्यास माझी हरकत नाही, पण विक्रेत्याने ब्रेकचे बोल्ट त्यातून काढून टाकावेत आणि त्याऐवजी लांबी व टॉर्कचा तक्ता द्यावा. अगदी समुद्राला लागून राहणाऱ्यांसाठी मॉलिब्डेनम असलेल्या ए४ प्रतीचा पर्यायही हवा. मिठापुढे ती अधिक टिकते.