स्पर्धकाची खबर कुठे ठेवायची: ग्रुपवर, शीटमध्ये की एका माणसाकडे?

पंधरा-वीस सेल्समन, तीन-चार जिल्हे, फरसाण-वेफर्सचा धंदा. समोरच्याने नवी स्कीम काढली की बीटवरच्या, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीवरच्या पोराला सोमवारी कळतं, मालकाला गुरुवारी, आणि पॅकिंग खात्याला बहुधा कधीच नाही. हे मार्गी लावायला साधारण तीन पर्याय असतात.

पहिला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. फुकट, कुणाला शिकवावं लागत नाही, आणि वेगात त्याचा हात कुणी धरत नाही. पण त्यावर निर्णय घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ ला नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हाचंच बघा. दुकानात जुन्या आणि नव्या एमआरपीची पाकिटं शेजारीशेजारी लटकत होती. अशा वेळी ‘रेट पाडला’ म्हणून नुसता पाकिटाच्या पुढच्या बाजूचा फोटो आला, तर त्यातून काय कळणार? पाच-दहा रुपयांच्या पाकिटाला तर किंमत बघून उपयोगच नाही. किंमत तीच राहते, ग्रॅम हलतात. वजन आणि माल बनवल्याचा महिना पाकिटावर छापावाच लागतो, म्हणून पाकीट उलटं करून फोटो घ्यायला सांगा. त्यातही व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबतं. शिवणीजवळ ठिपक्याठिपक्यांनी मारलेला महिना वाचता येत नाही. फोटोखाली वजन, महिना, गाव एवढं टाइप केलं तरी पुष्कळ.

मी ज्या कंपनीत होतो तिथे एकदा ग्रुपवर ‘१० वर २ फ्री’ असं पडलं. वरून लगेच आम्हीही तीच स्कीम सगळीकडे लावली. नंतर कळलं, त्यांचा एक स्टॉकिस्ट (कंपनीचा माल साठवून दुकानांना देणारा) मुदत संपत आलेला माल स्वतःच्या खिशातून झटकत होता. स्पर्धक कंपनीच्या गावीही ते नव्हतं. आमचं महिन्याचं मार्जिन मात्र गेलं.

दुसरा पर्याय, सगळ्यांनी भरायची शीट. तारीख, गाव, वजन, एमआरपी, दुकानदाराला पडलेला रेट, स्कीम, आणि ‘कुठून कळलं’. सहा महिन्यांनी मागे वळून बघायचं तर हीच उपयोगी. पण सेल्समन ती शनिवारी संध्याकाळी आठवून आठवून भरतो, आणि तिसऱ्या आठवड्यापासून कॉपी-पेस्ट सुरू होतं. (मीही केलंय.) शिवाय शीटचा अ‍ॅक्सेस प्रत्येकाच्या खासगी जीमेलला दिलेला असतो. माणूस सोडून समोरच्याकडे गेला, तरी शीट त्याच्या मोबाइलवर उघडतच राहते.

तिसरा, एक माणूस नेमणं. पूर्णवेळ नको, सेल्स कोऑर्डिनेटरचे आठवड्याचे दोन अर्धे दिवस पुरतात. ग्रुपवरची खबर उचलायची, दुसऱ्या गावातल्या दुकानात फोन करून खात्री करायची, पंधरा दिवसांनी एक पानभर लिहायचं, आणि ते पान पॅकिंग आणि खरेदी खात्यालाही द्यायचं. स्पर्धक प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून त्याचा ताळेबंद बघता येतो. मात्र मार्चअखेरचे आकडे यायला ऑक्टोबर उजाडतो, आणि फरसाणवाल्यांत भागीदारी फर्म कितीतरी. त्यांचं तिथे काहीच सापडत नाही. या पर्यायाचा तोटा म्हणजे वेग. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात पंधरा दिवसांनी आलेलं पान शिळं असतं.

महिन्याचे पैसे घेऊन बातम्या गोळा करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण तुमचा स्पर्धक शेजारच्या तालुक्यात असेल तर त्यांना तो दिसणारही नाही.

पर्याय कुठलाही घ्या, स्पर्धकाच्या सेल्स मॅनेजरला फोन करून ‘पुढच्या महिन्यात काय रेट ठेवताय’ हे विचारायचं नाही. दोघांनी भाव जुळवून घेतला तर प्रकरण २००२ च्या स्पर्धा कायद्यात जातं. नव्या भरतीतला माणूस जुन्या कंपनीची अंतर्गत रेटलिस्ट घेऊन आला, तर तीही ग्रुपवर टाकू देऊ नका.

माझ्याकडे निर्णय असता तर खबर ग्रुपवरच येऊ दिली असती आणि शीट एकाच माणसाच्या हातात ठेवली असती. बाकीच्यांना फक्त बघायला, तेही कंपनीच्या ईमेलवर. सेल्समन पाचच असतील तर शीटही नको. सोमवारच्या मीटिंगला प्रत्येकाने स्पर्धकाचं एक पाकीट विकत आणावं, बिलासकट. टेबलावर ठेवायचं, वजनकाट्यावर घालायचं, आणि फोडून खायचं.