कुत्रं घ्यायचं ठरलंय? आधी विश्रामबागेतल्या ह्या क्लिनिकमध्ये सगळ्या घराला घेऊन जा

कुठल्या जातीचं कुत्रं घ्यावं ह्यासाठी फी देऊन सल्ला घ्यायचा, हे आपल्याकडं अजून बऱ्याच जणांना पटत नाही. पण मी मनापासून सांगते, कुत्र्यावर जो काही खर्च होतो त्यातला सगळ्यात कामाचा खर्च हाच. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ह्या प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर मॅडम संध्याकाळचे पेशंट संपले की ही वेगळी अपॉइंटमेंट देतात, पाचशे रुपये घेतात आणि तास-दीड तास निवांत बसून बोलतात. त्या स्वतः पिल्लं विकत नाहीत, कुठल्या ब्रीडरशी त्यांचं कमिशन नाही, त्यामुळं 'हे घ्याच' असा आग्रह कशाचाच नसतो. उलट नको असेल तर स्पष्ट नको म्हणून सांगतात.

आमच्यात माणसं पाच आणि मतंही पाच. पोरगा आठवीत, त्याला हस्की पाहिजे होतं. अण्णांना म्हणजे माझ्या सासऱ्यांना राखणीला जर्मन शेफर्ड. आमच्या ह्यांचं मूळ गाव जतकडचं, त्यांच्या आजोबांनी कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळलेली, त्यामुळं ते दुसरं काही ऐकायलाच तयार नव्हते. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, त्यांचं म्हणणं पगसारखं काहीतरी छोटं आणा. आणि मला लॅब्रॅडॉर, कारण लहान मुलांच्यात चांगला असतो असं सगळेच सांगतात.

मॅडमनी पहिला बराच वेळ एकाही जातीचं नाव घेतलं नाही. दुपारी घरात कोण असतं, कुत्रं सलग किती तास एकटं राहणार, सकाळी साडेपाचला फिरवायला कोण उठणार आणि पावसाळ्यात पण उठणार का, लिफ्ट बंद पडली तर तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण नेणार, गावाकडं जत्रेला गेलात तर कुणाकडं ठेवणार, घर भाड्याचं का स्वतःचं, महिन्याला खाण्या-औषधाला किती काढू शकता. एक प्रश्न तर मला फार पटला, पूर आला आणि घर सोडायची वेळ आली तर कुत्र्याला घेऊन कुठं जाणार? २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी सांगलीत बघितलाय त्यांना ह्या प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण जे गावभागात, नदीकडच्या बाजूला राहतात त्यांनी तर ह्याचं उत्तर आधी शोधून मगच पिल्लू आणावं. उत्तरं पण त्या एकाकडूनच घेत नाहीत, फिरवणार कोण हे विचारल्यावर पोरगा 'मी' म्हणाला तर लगेच त्याचं शाळेचं आणि क्लासचं टाइमटेबल विचारलं.

मग एकेका जातीवर आल्या. हस्कीबद्दल त्यांनी पोराला जे समजावलं ते मी पण पहिल्यांदाच नीट ऐकलं. ते सैबेरियातलं, बर्फात गाडी ओढणारं कुत्रं. अंगावर केसांचे दोन थर, आतला दाट आणि मऊ, थंडी आत शिरू नये म्हणून. कुत्र्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते गार होतं, आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा धापा टाकून भागत नाही, उष्माघात होऊन जीव जाऊ शकतो. केस भादरले तर? हे पोरानंच विचारलं. तर म्हणाल्या तेच केस उन्हापासून पण वाचवतात, भादरले तर कातडी भाजते. वर त्याला पळायला रोज भरपूर पाहिजे, नाही मिळालं तर घर कुरतडतं, गेट उघडं दिसलं की निघून जातं, आणि लांडग्यासारखं हेल काढून रडतं. पोरगा गप्प झाला पण नाराज झाला नाही, कारण 'नको' म्हणताना कारण पण दिलं होतं, आणि त्याच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या.

कारवानीवर बोलायला लागल्या तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण मॅडमना स्वतःलाच ही जात फार आवडते. मुधोळ हाऊंड म्हणतात ती हीच, कुत्र्यांच्या जातींची नोंद करणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर तिचं नाव कॅरॅव्हन हाऊंड आहे. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, म्हणजे आपल्यापासून काही लांब नाही, आणि जत-आटपाडीकडं मेंढपाळांच्यात ही कुत्री पिढ्यानपिढ्या आहेत. मुधोळच्या घोरपडे राजांनी ह्या जातीला नाव मिळवून दिलं, २००५ साली पोस्टानं भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं, पुढं आर्मीनं पण मेरठला नेऊन ह्यांना ट्रेनिंग दिलं. ऊन सोसतं, केस बारीक त्यामुळं घरात झडलेले केस कमी दिसतात, दुखणीबाणी कमी. मग अडचण काय? तर हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. लांब काहीतरी हललं की सुटलं, मग मालकाची हाक कानातच शिरत नाही. त्याला मोकळं रान पाहिजे, निदान कुंपण घातलेलं मोठं आवार तरी, जिथं रोज पोटभर पळता येईल. फ्लॅटमध्ये साखळीला बांधलेलं कारवानी झुरतं, चिडकं होतं. आणि परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही, सोसायटीत तर येता-जाता पोरं हात लावतातच. ह्यांना वाईट वाटलं पण म्हणाले, खरं आहे, आजोबांचं कुत्रं दिवसभर मेंढरांबरोबर असायचं. ज्यांचं शेतात घर आहे, रोज कुणीतरी माणूस हजर आहे, त्यांनी मात्र लाखभर रुपये विदेशी जातीवर घालण्यापेक्षा ही आपल्या मातीतली जात बघावी असं मलाही आता प्रामाणिकपणे वाटतं.

वाळव्याकडं माझी बहीण असते, उसातली वस्ती. तिच्यासाठी पण मी विचारून घेतलं. तिथं मॅडमनी जातीच्या आधी बिबट्याचा विषय काढला. उसात बिबट्या आहे आणि कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य, रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते स्वतःच सापडतं, त्याला पळता पण येत नाही. रात्री बंद शेडमध्ये नाहीतर घरात घ्यायचं. हे वस्तीवरच्या सगळ्यांनी ऐकावं असं आहे.

जर्मन शेफर्डचं म्हणजे हुशार खरं पण त्या डोक्याला रोज काम लागतं, ट्रेनिंग लागतं, आणि खुब्याच्या सांध्याचा दोष ह्या जातीत बराच, मांडीचं हाड खोबणीत नीट बसत नाही. गुळगुळीत फरशी आणि तीन मजले जिने, म्हातारपणी त्याचे हाल. घ्यायचंच असेल तर आई-बापाच्या खुब्याचा एक्सरे मागा म्हणाल्या. पगचं नाक चपटं, श्वासच पुरत नाही, उन्हात तर फार जपावं लागतं, डोळ्यांना पण सारखी इजा होते. हच ह्या मोबाईल कंपनीची ती २००३ ची पगवाली जाहिरात आल्यावर घरोघरी पग आले पण त्या नाकाचा त्रास कुणी सांगितला नाही. पॉमेरियन म्हणून आपल्याकडं जे मिळतं ते बहुतेक इंडियन स्पिट्झ, हवामान सोसतं, फ्लॅटला बरं, फक्त भुंकतं भरपूर, आणि आमच्या शेजारी तान्हं बाळ आहे.

माझ्या लॅबबद्दल वाटलं होतं पास होईल. स्वभावाला शंभर मार्क दिलेच त्यांनी. पण तीस किलोचं कुत्रं, मांजर दिसलं आणि हिसका बसला तर दोरी सासूबाईंच्या हातात असताना काय होईल? आणि लॅबची भूक. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना असं आढळलं की साधारण चौथाई लॅबमध्ये एका जीनचा तुकडाच गायब असतो, त्यामुळं त्यांची खा-खा जास्त असते. आमच्याकडं अण्णा येता-जाता काहीतरी भरवणार हे मॅडमनी दहा मिनिटांत ओळखलं. तासगावच्या बेदाण्याची वाटी आमच्या टीपॉयवर कायम असते हे कळल्यावर तर त्या एकदम सरळ बसल्या. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या बंद पाडू शकतात, थोडे खाल्ले तरी धोका, किती खाल्ल्यावर होईल ह्याचा नेम नाही. द्राक्षबागा असलेल्या ह्या आपल्या जिल्ह्यात हे किती जणांना माहीत असेल? कांदा आणि चॉकलेट पण नाही.

शेवटी त्यांनी सुचवलं ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. मोठं झालेलं गावठी कुत्रं, दीड-दोन वर्षांची शांत कुत्री, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. पिल्लाचं पुढं काय होईल ते नक्की सांगता येत नाही पण मोठ्या कुत्र्याचं वजन, स्वभाव, पोरांशी कसं वागतं, सगळं आधीच दिसतं. उन्हापावसाला टणक, शू-शीच्या वेळा लवकर शिकतं. गोचीड मात्र बघत राहायला लागतात, त्यातून ताप येतो, आणि रेबीजचा डोस दर वर्षी. मिरजेत रस्त्यावरची कुत्री सांभाळणारी काही मंडळी आहेत, त्यांच्याकडं तीन कुत्र्या बघायला सांगितलं, आधी आठवडाभर घरी ठेवून बघा, जमलं तरच कायम करा. आम्ही आणलेली राणी अठरा किलोची आहे, सासूबाईंच्या चालीनं चालते, पोरगा क्लासवरून यायच्या वेळेला दारात जाऊन बसते, आणि कारवानीवाल्यांनी तिला कधी स्वतःच्या पांघरुणात घेतलं हे मला कळलंच नाही.

ज्यांना पिल्लूच घ्यायचंय त्यांना पण त्या नाही म्हणत नाहीत. फक्त तपासायचं काय ते नीट सांगतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची नोंदणी लागते. पिल्लाची आई समोर दाखवा म्हणायचं, नाही दाखवली तर तिथून निघायचं. लसीच्या कार्डावर डॉक्टरची सही-शिक्का बघायचा. सोसायटीवाले कुत्र्याला बंदी घालतो म्हणत असतील तर पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत, तशी बंदी घालता येत नाही, त्याची प्रिंट त्यांनी आम्हाला काढून दिली, आमच्या सेक्रेटरींना ती दाखवल्यावर विषय मिटला.

कमी काय असेल तर वेळ. दिलेल्या वेळेपेक्षा आम्हाला बरंच थांबावं लागलं, मधेच पार्व्हो ह्या जीवघेण्या रोगानं आजारी पिल्लू आलं होतं त्यामुळं तक्रार तरी काय करणार, पण बसायला जागा फार थोडी आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. सांगितलेलं सगळं लिहून दिलं तर अजून बरं होईल, मी मोबाईलवर नोंदी केल्या म्हणून लक्षात राहिलं. गाडी लावायला समोर जागा नाही, गल्लीच्या तोंडाशी लावा. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी जा, फोन करून जा, आणि कुत्र्याला रोज खायला घालणार आहे ते माणूस घरी ठेवून जाऊ नका, मॅडम सगळ्यात जास्त प्रश्न त्यालाच विचारतात.